शिकागो पब्लिक स्कूल्स: नववीला डिस्टिंक्शन, बारावीनंतर काठावर पास

शिकागो शहरातल्या सरकारी शाळांचा कारभार शिकागो पब्लिक स्कूल्स, म्हणजे सीपीएस, ही एकच संस्था पाहते. विद्यार्थी सुमारे सव्वातीन लाख, आणि हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. इमारती, डबा, बस यांच्यावर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते इथे नाही. डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचा दाखला, घेऊन बाहेर पडलेला मुलगा किंवा मुलगी कॉलेजात टिकते का, नाहीतर हाताला बरं काम लागतं का, एवढ्याच कसोटीवर हे परीक्षण आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: नववी उत्तम, दहावी-अकरावी ज्या-त्या शाळेवर अवलंबून, बारावी धावपळीची, आणि त्यापुढचं पहिलं वर्ष अजूनही बरंचसं नशिबावर.

मुळात गाडी कुठून निघाली ते पाहू. आपली मुलं डिप्लोमानंतर कुठे जातात, याची नोंद सीपीएसने २००४ च्या सुमारास नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउस या देशभरातल्या कॉलेजप्रवेशांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या माहितीवरून ठेवायला सुरुवात केली. तोवर बहुतेक मोठे शालेय जिल्हे, म्हणजे सीपीएससारख्या शाळा चालवणाऱ्या संस्था, डिप्लोमा हातात दिला की वही मिटत. २००६ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या कन्सॉर्शियम ऑन स्कूल रिसर्चने ती माहिती तपासली आणि शहराला घाम फुटला. नववीत बसलेल्या शंभर मुलांपैकी विशीच्या मध्यापर्यंत पदवी जेमतेम सहा जणांच्या हाती. पुढे हिशेब दुरुस्त केल्यावर तो आकडा आठ झाला, पण आठ म्हणून कोणी पेढे वाटले नाहीत. २०१० च्या दशकाच्या अखेरीस हाच अंदाज १८ च्या आसपास आला. दुपटीहून जास्त, हे खरंच. पण शंभरातले ऐंशीहून अधिक तरीही बाहेर, हेही तितकंच खरं.

या वाढीचं मोठं श्रेय नववीला जातं. 'ऑन-ट्रॅक' हे माप कन्सॉर्शियमच्या संशोधकांनी २००५ मध्ये नीट मांडलं, आणि ते इतकं साधं आहे की शाळेतला कारकूनही बोटांवर मोजेल. वर्षअखेर मुलाकडे किमान पाच क्रेडिट हवीत, आणि मुख्य विषयांत, म्हणजे इंग्रजी, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र यांत, सत्राचा एकाहून जास्त एफ, म्हणजे नापासाचा शेरा, नको. बस. ही अट पूर्ण करणाऱ्या मुलाची चार वर्षांत डिप्लोमा मिळवण्याची शक्यता न करणाऱ्यापेक्षा साडेतीन पट असते.

प्रत्यक्ष प्रगतिपुस्तकावर हे असं दिसतं. सात विषय, दोन सत्रं, प्रत्येक सत्राला अर्धं क्रेडिट, म्हणजे वर्षाला सात. एक मुलगा व्यायाम आणि चित्रकला या दोन विषयांत दोन्ही सत्रं नापास झाला. क्रेडिट पाच उरली, मुख्य विषयात एफ नाही, म्हणून तो ऑन-ट्रॅक. दुसऱ्याला पहिल्या सत्रात जीवशास्त्रात आणि दुसऱ्यात इंग्रजीत एफ मिळाला. त्याच्याकडे सहा क्रेडिट आहेत, पहिल्यापेक्षा एक जास्त, तरी हा ऑफ-ट्रॅक. पालक इथेच फसतात. एकूण क्रेडिट बघून 'चाललंय बरं' असं म्हणतात आणि कोणत्या विषयातला एफ आहे ते पाहत नाहीत.

माप चांगलं असलं तरी नुसत्या मापाने कोणी पास होत नाही. सीपीएसने २००८ पासून शाळांच्या हाती तीन याद्या द्यायला सुरुवात केली. शाळा सुरू होण्याआधी, आठवीची हजेरी आणि गुण पाहून, कोणावर लक्ष ठेवायचं त्यांची पहिली यादी. सत्र चालू असताना कोण घसरतोय याची दुसरी. आणि सत्र संपल्यावर कोणाला कोणतं क्रेडिट भरून काढायचंय त्याची तिसरी. यादीत नाव आलं की शिक्षकांची टोळी बसून त्या मुलाचं काय करायचं ते ठरवते, आणि ठरलेलं झालं का हे दोन आठवड्यांनी पुन्हा पाहते. ही दुसरी बैठक ज्या शाळेत होत नाही तिथे यादी फाइलमध्ये पडून राहते. २००७ मध्ये ऑन-ट्रॅकचं प्रमाण ५७ टक्के होतं, २०१३ मध्ये ८२ टक्के. गुण फुकट वाटले असतील, ही शंका संशोधकांनाही आली होती. ज्या शाळांनी आधी उडी घेतली तिथली पुढची वर्षं तपासली, तेव्हा वाढ डिप्लोमापर्यंत पोचलेली दिसली, आणि कितीतरी जास्त मुलं परीक्षेला बसूनही अकरावीत होणाऱ्या एसीटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचे सरासरी गुण जवळपास तिथेच राहिले.

सगळ्यात कामाची गोष्ट हजेरीची. मूल नववीत एखाद्या विषयात गटांगळी खाणार का, हे आठवीच्या परीक्षेच्या गुणांपेक्षा त्याच्या हजेरीवरून आठपट चांगलं ओळखता येतं. सत्रात एक आठवडा बुडाला की डिप्लोमाची शक्यता वीसेक टक्क्यांनी खाली येते. हुशार म्हणून ज्याची कोणी काळजी करत नाही असा मुलगा दर सोमवारी पहिला तास बुडवत असेल तर तोही याच गणितात येतो, कारण हजेरी विषयागणिक मोजावी लागते. दिवसाची हजेरी लागलेली आणि पहिला तास गायब, हे अ‍ॅस्पेन या पालकांच्या पोर्टलवर विषय उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता यातली खोच. ऑन-ट्रॅकला डी चालतो. डी म्हणजे पास, क्रेडिट पूर्ण, यादीतून नाव बाद. कॉलेजला मात्र बी लागतो. एसीटीपेक्षा हायस्कूलचा जीपीए, म्हणजे सगळ्या विषयांची चारपैकी सरासरी (ए म्हणजे ४, एफ म्हणजे ०), कॉलेज पूर्ण होण्याचा अंदाज पाचपट चांगला देतो, हे सीपीएसच्याच ५५,०८४ विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून २०२० मध्ये पुढे आलं. जीपीए १.५ च्या खाली असेल तर चार वर्षांच्या कॉलेजात गेलेल्यांतले वीसेक टक्के पदवीपर्यंत पोचतात, ३.७५ च्या वर असेल तर ऐंशीच्या आसपास. म्हणजे जिल्ह्याचं सगळ्यात गाजलेलं माप मुलाला डिप्लोमापर्यंत नेतं आणि तिथे सोडतं. काही शाळा आता 'बी किंवा वर' मिळवणाऱ्यांची वेगळी मोजणी करतात. शाळा निवडताना हा आकडा मागावा. तो देता आला नाही तर त्या शाळेत तो कोणी पाहत नाही, असं समजायला हरकत नाही.

डी येतो कसा, तेही पाहण्यासारखं आहे. पाच कामांपैकी चारांत ८० आणि एक दिलंच नाही म्हणून शून्य: सरासरी ६४. बहुतेक शाळांच्या मोजमापात बी वरून थेट डी. न समजल्याने कमी गुण पडण्याचे प्रसंग कमी, न दिलेल्या कामाच्या शून्याचे फार. म्हणून पोर्टलवर एकूण टक्के पाहण्याऐवजी 'मिसिंग' असा शेरा शोधावा आणि उशिरा दिलेलं काम कधीपर्यंत घेतात ते शिक्षकांना विचारावं. प्रत्येक शिक्षकाचा नियम वेगळा असतो. आणि नववी 'बघू पुढे' म्हणून सोडता येत नाही, याचं गणित असं: नववीअखेर जीपीए २.० असेल आणि अकरावीअखेर ३.० हवा असेल, तर मधली दोन्ही वर्षं ३.५ राखावं लागतं, म्हणजे अर्धे ए, अर्धे बी, सी एकही नाही. नववीत सी मिळवणाऱ्या मुलाकडून ही अपेक्षा.

डिप्लोमाच्या आकड्याकडे येऊ. २०११ मध्ये ५६.९ टक्के, अलीकडे ८० च्या वर. जिल्ह्याच्या पत्रकात हा आकडा ठळक असतो आणि बराचसा खराही आहे. पण २०१५ मध्ये शहरातल्या पत्रकारांनी शोधून काढलं की शाळा सोडून पर्यायी शाळांत गेलेल्या किंवा गळलेल्या मुलांची नोंद 'गाव सोडून गेला', 'घरी शिकतो' अशी केली जात होती, म्हणजे ती मुलं हिशेबातूनच बाहेर. जिल्ह्याला आकडे खाली आणावे लागले, २०१४ चे ६९.४ टक्के ६६.३ झाले. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या मुलांना नववीतच अडकवणाऱ्या किंवा १७ नंबरचा फॉर्म भरायला लावणाऱ्या शाळा ज्यांनी महाराष्ट्रात पाहिल्यात, त्यांना यात नवल वाटणार नाही. दुरुस्तीनंतरही चढ कायम राहिला, एवढं जिल्ह्याच्या बाजूने.

मग खटकतं काय? डिप्लोमा ऐंशीच्या वर, आणि राज्याच्या अकरावीच्या परीक्षेत २०२४ पर्यंत वाचन-गणितात अपेक्षित पातळी गाठणारे पाचातला एखादाच. शिवाय महामारीनंतर शाळेचे दहा टक्के किंवा अधिक दिवस बुडवणाऱ्यांचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास गेलं. हजेरी एवढी कळीची, ती इतकी घसरली, आणि डिप्लोमाचा आकडा हलला नाही, याचा अर्थ कुठेतरी गुणांची पट्टी सैल झाली. याचं समाधानकारक उत्तर जिल्ह्याने दिलेलं नाही, आणि आमच्या मते एक अख्खा तारा इथे कापायला हवा.

दहावी-अकरावीत मुलाला काय मिळेल हे त्याच्या पत्त्यावर आणि आठवीतल्या अर्जावर ठरतं. प्रवेश परीक्षेच्या अकरा शाळा आहेत: सातवीच्या चार विषयांचे ४५० आणि परीक्षेचे ४५० असे एकूण ९०० गुण, ३० टक्के जागा निव्वळ गुणांवर, उरलेल्या शहराच्या चार आर्थिक स्तरांत समान वाटून. पेटन, नॉर्थसाइड, व्हिटनी यंग यांचे निकाल देशातल्या कोणत्याही शाळेच्या तोडीचे. पण तिथे मुळात निवडून घेतलेली मुलं असतात, त्यामुळे त्यांच्यावरून जिल्ह्याचं मोल करू नये. जिल्ह्याची खरी करामत साध्या वस्तीतल्या शाळांतल्या आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या, वर्गांत दिसते. तिथला डिप्लोमा कार्यक्रम करणारी मुलं तशाच दुसऱ्या मुलांपेक्षा चार वर्षांच्या कॉलेजात जाण्याची शक्यता ४० टक्क्यांनी जास्त, असा कन्सॉर्शियमचा २०१२ चा निष्कर्ष आहे. नववीत या वर्गात शिरून अकरावीत बाहेर पडणारेही बरेच असतात. किती शिरतात आणि किती पूर्ण करतात, हे दोन्ही आकडे विचारा.

एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) आणि ड्युअल क्रेडिट या हायस्कूलमध्येच कॉलेजचं क्रेडिट मिळवण्याच्या दोन वाटा; यांत गोंधळ होतो म्हणून थोडं खुलासेवार. एपीत शेवटी एकच परीक्षा. इलिनॉयमधल्या सरकारी विद्यापीठांना ३ किंवा वर गुण असले की क्रेडिट द्यावंच लागतं. मात्र ते मुख्य विषयात धरायचं की ऐच्छिकात, हे विद्यापीठ ठरवतं. ड्युअल क्रेडिटमध्ये वर्ग हायस्कूलमध्येच, गुण मात्र थेट कॉलेजच्या कायमच्या नोंदीत. त्यामुळे इथला एफ पुढे आर्थिक मदतीच्या वेळीही डोकं वर काढतो. अभ्यासक्रम आयएआयच्या यादीत, म्हणजे राज्यातल्या कॉलेजांनी एकमेकांची क्रेडिट मानण्याच्या करारात, आहे का ते नाव नोंदवण्याआधी पाहा. राज्याबाहेर जायचं असेल तर त्या कराराचा उपयोग नाही.

बारावीत जिल्हा हातपाय मारतो, पण गळती इथेच सगळ्यात जास्त. २००८ च्या एका अभ्यासात चार वर्षांच्या पदवीची इच्छा असलेल्यांपैकी ५९ टक्क्यांनी अर्ज केला, ५१ टक्क्यांना प्रवेश मिळाला, आणि प्रत्यक्ष दाखल झाले ४१ टक्के. इच्छा होती, बऱ्याच जणांचे गुणही होते, कागदांनी मारलं. प्रवेश मिळालेल्यांत ज्यांनी फॅफ्सा, म्हणजे केंद्राच्या मदतीचा अर्ज, भरला त्यांतले ८४ टक्के दाखल झाले. न भरणाऱ्यांतले ५५. २०२०-२१ पासून इलिनॉयमध्ये डिप्लोमासाठी फॅफ्सा भरणं किंवा भरणार नाही असं लिहून देणं बंधनकारक आहे. नियम चांगला, पण दुसरा पर्याय एका सहीत उरकतो, आणि शाळेला टक्केवारी गाठायची घाई असते. न भरण्याचं कारण समजून न घेता ती सही करू नका.

अर्ज अडतो तो ठरलेल्या जागांवर. मूल आणि पालक दोघांची वेगवेगळी खाती लागतात, ती ओळख पटवून सुरू करावी लागतात. करखात्याकडून माहिती घ्यायला प्रत्येकाने संमती दिली नाही तर केंद्राची मदत शून्य, उत्पन्न कितीही कमी असो. एरवी १ ऑक्टोबरला उघडणारा अर्ज २०२३ मध्ये डिसेंबरच्या अखेरीस उघडला आणि पूर्ण मोसम कोलमडला, ती चूक वॉशिंग्टनची होती, भुर्दंड शाळांना. राज्याचं मॅप अनुदान निधी असेपर्यंतच मिळतं, म्हणून ऑक्टोबर महत्त्वाचा.

२०२० च्या तुकडीपासून डिप्लोमासाठी 'पुढे काय' याचा पुरावाही मागण्याचं ठरलं: कॉलेजचा प्रवेश, नोकरीचं पत्र, अ‍ॅप्रेंटिसशिप, सैन्यभरती, असं काहीही. कल्पना स्तुत्य, पण शहराच्या सिटी कॉलेजेसमध्ये, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांत, सीपीएसचा डिप्लोमा घेतलेल्या प्रत्येकाला प्रवेश असतोच. म्हणजे ज्याने काहीच ठरवलं नाही त्याचीही योजना कागदावर तयार. समुपदेशकामागे २५० मुलं असावीत अशी त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे. शाळेत तुमच्या वाट्याला किती, ते विचारायला लाजू नका.

जून ते ऑगस्ट हा तर कोणाच्याच ताब्यात नसलेला काळ. शाळेची जबाबदारी संपलेली, कॉलेजची सुरू झालेली नाही. वसतिगृहाची अनामत, लसीकरणाचा दाखला, विमा नको असल्याचा फॉर्म, गणिताची पातळी ठरवणारी चाचणी, मदतीसाठी मागितलेले जादा कागद. यातलं एक चुकलं की सप्टेंबरमध्ये मूल घरी. आणि सगळी पत्रं शाळेच्या ईमेलवर गेलेली, जो उन्हाळ्यात बंद होतो किंवा कोणी उघडत नाही. अर्जावर पहिल्यापासून खासगी ईमेल टाका.

कॉलेज कोणतं, यानेही खूप फरक पडतो. सारख्याच जीपीएची दोन मुलं दोन वेगळ्या सरकारी विद्यापीठांत गेली तर पदवीची शक्यता कितीतरी वेगळी निघते. जवळचं आणि ओळखीचं म्हणून नाव टाकण्याआधी त्या विद्यापीठाचा सहा वर्षांतला पूर्णतेचा दर पाहा. ज्यांचा जीपीए ३.० आहे त्यांना सिटी कॉलेजेसमध्ये स्टार शिष्यवृत्तीमुळे शिक्षण फी माफ होते. २०१५ पासून चाललेली ही योजना खरोखर दमदार आहे. पण तिथून चार वर्षांच्या कॉलेजात जाणाऱ्यांनी पहिल्याच सत्रात पुढच्या विद्यापीठाची विषययादी समोर ठेवावी, नाहीतर दोन वर्षांची क्रेडिट हाती आणि तिथे लागू निम्मीच.

व्यवसायशिक्षणाची बाजू उजळ आहे पण विस्कळीत. साउथ साइडला १९८५ पासून चालणारी कृषी शाळा ७२ एकर शेतावर आहे, गाई-गुरांसकट, आणि तिच्यातून बाहेर पडणारे अन्नतंत्रज्ञानापासून पशुवैद्यकापर्यंत जातात. सारा गूड अ‍ॅकॅडमी २०१२ मध्ये आयबीएमच्या साथीने सुरू झाली; तिथे नववीपासून कॉलेजच्या दोन वर्षांपर्यंतचा रस्ता एकाच आराखड्यात आहे. इतरत्र मात्र प्रमाणपत्र हा शब्द ऐकून हुरळू नये. स्वयंपाकघरातल्या स्वच्छतेचं प्रमाणपत्र आणि नर्सिंग असिस्टंटचं प्रमाणपत्र, दोन्ही अहवालात सारखेच 'एक' मोजले जातात, पगारात नाही. उद्योगातून आलेला शिक्षक वर्षाच्या मध्यात सोडून गेला तर तो विषय बदली शिक्षकावर ढकलला जातो आणि तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम लागतच नाही. शेवटचा वर्ग किती जणांनी पूर्ण केला आणि पगारी इंटर्नशिप किती जणांना मिळाली, या दोन आकड्यांवर त्या विभागाची पारख होते.

शिकागोकडचे बहुतेक मराठी लोक नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्गकडे राहतात, म्हणजे सीपीएसच्या बाहेर. तरी ऑन-ट्रॅकचं माप आता पूर्ण राज्याचं आहे आणि इलिनॉय रिपोर्ट कार्डवर तुमच्या शाळेचंही दिसतं. शहरातल्या शाळांचं नववीपासून पदवीपर्यंतचं चित्र टू अँड थ्रू या शिकागो विद्यापीठाच्या साइटवर शाळेचं नाव टाकून मिळतं. राज्याच्या व्याख्येत कॉलेजसाठी तयार म्हणजे इतर अटींसोबत २.८ जीपीए आणि ९५ टक्के हजेरी. डिसेंबरात महिनाभर भारतात जाणाऱ्यांनी हा दुसरा आकडा तिकीट काढण्याआधी वाचावा.

मूल एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या एच-१बीवर आधारलेल्या व्हिसावर, असेल तर फॅफ्सा भरता येत नाही. तिथे न भरण्याच्या फॉर्मवर सही करण्याआधी राज्याच्या मदतीचा पर्यायी अर्ज आपल्याला लागू होतो का ते समुपदेशकाला विचारा, आणि कॉलेजची स्वतःची शिष्यवृत्ती वेगळी शोधावी लागते. मराठी चांगली येत असेल तर राज्याच्या द्विभाषिक मोहोरेसाठी (सील ऑफ बायलिटरसी, म्हणजे दोन भाषा येत असल्याची अधिकृत नोंद) ती चालते. सरकारी विद्यापीठं ही मोहोर हायस्कूलच्या दोन वर्षांच्या परभाषेइतकी धरतात. अव्हांट कंपनीची स्टॅम्प परीक्षा मराठीत आहे, पण ती लेखन आणि संभाषणाची. वाचन आणि श्रवणाचा पुरावा कसा द्यायचा ते शाळेच्या भाषा विभागाला अकरावीतच विचारून ठेवा, कारण परीक्षेला शाळेने पर्यवेक्षक द्यावा लागतो आणि बारावीच्या वसंतात सगळे एपीच्या मागे असतात.